राज्यपरिचयाची रीत आणि महाराष्ट्राचे स्वरूप

१

एखाद्या राज्याचा परिचय करून देणाऱ्या लेखनाकडे वाङ्मयप्रकार म्हणून सहसा पाहिले जात नाही. कथा-कादंबऱ्यांची समीक्षा होते, इतिहासग्रंथांची साधनचिकित्सा होते. परंतु भूगोल, इतिहास, संस्कृती आणि प्रेक्षणीय स्थळे ह्यांची दोनतीनशे पृष्ठांत ओळख करून देणाऱ्या ग्रंथासंबंधी एवढाच प्रश्न विचारला जातो की, त्यातील माहिती बरोबर आहे की चूक. वस्तुतः महाराष्ट्र म्हणजे काय ह्याची बहुसंख्य वाचकांची कल्पना मूळ संशोधनावरून नव्हे, तर अशाच ग्रंथांवरून तयार होते. शाळेतील विद्यार्थी, परीक्षेस बसणारा उमेदवार, अन्य राज्यांतून नेमणुकीवर आलेला अधिकारी आणि प्रवासी हे सर्व त्याचे वाचक होत. तेव्हा हा ग्रंथ काय सांगतो, ह्याबरोबरच तो कशा रीतीने सांगतो, ह्याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

ह्या ग्रंथांची मांडणी बहुधा ठरलेली असते. आरंभी स्थान, क्षेत्रफळ, नद्या आणि हवामान. नंतर सातवाहन, वाकाटक, चालुक्य, राष्ट्रकूट, शिलाहार, यादव अशी राजवंशांची मालिका. त्यानंतर बहमनी राज्य व त्यातून निघालेल्या शाह्या ह्यांचा थोडक्यात उरकलेला कालखंड. पुढे शिवकाल, पेशवाई, इंग्रजी अंमल, समाजसुधारणा आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा. आणि शेवटी संत, सण, लोककला, खाद्यपदार्थ, किल्ले व लेणी. प्रत्येक प्रकरण आपापल्या जागी स्वयंपूर्ण असते. त्यातील विधाने सुटी सुटी तपासली, तर बहुतेक खरी ठरतात. दोष असतो तो त्यांच्या जुळणीत. १९६० साली आखली गेलेली सीमा ही अशा ग्रंथातील प्रत्येक प्रकरणाची मूक चौकट होऊन बसते, आणि ज्या येण्याजाण्यातून महाराष्ट्र घडला ते येणेजाणे त्या चौकटीबाहेर राहते. ह्या दोषाचे मूळ कोठे आहे, तो टाळण्याचे कोणते प्रयत्न मराठीत झाले आणि त्यांतून कोणती दिशा मिळते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

ह्या मांडणीचे मूळ गॅझेटियरमध्ये आहे. जेम्स कॅम्पबेल ह्यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे खंड १८७७ पासून निघू लागले. स्थलवर्णन, उत्पन्न, लोकसंख्या, शेती, व्यापार, इतिहास, जमीनमहसूल, न्याय, शिक्षण, आरोग्य आणि अखेरीस महत्त्वाची गावे, अशी त्यांतील प्रकरणांची सर्वसाधारण वाटणी होती. जिल्ह्यावर नेमलेल्या अधिकाऱ्याला हवी ती माहिती हव्या त्या ठिकाणी सापडावी, हा तीमागील हेतू असल्यामुळे एका प्रकरणाचा दुसऱ्याशी संबंध दाखविण्याची आवश्यकता संपादकांना वाटली नाही. प्रशासनाच्या दृष्टीने ही सोय मोठी होती. तळच्या पाहणीवर आधारलेल्या त्या खंडांची उपयुक्तता आजही संपलेली नाही.

ह्याच गॅझेटियरसाठी रा. गो. भांडारकर ह्यांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला. तो १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. राजवंशांची जी मालिका आज प्रत्येक परिचयग्रंथात आढळते, तिचा पाया ह्या ग्रंथाने घातला. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भांडारकरांच्या ग्रंथाच्या शीर्षकातील शब्द दख्खन हा आहे. आणि बदामी, मान्यखेट व कल्याण ही राजधानीची नगरे त्यांच्या कथनात स्वाभाविकपणे, घरची म्हणून येतात. ही तिन्ही नगरे आज कर्नाटकात आहेत. मालिका तीच राहिली, परंतु तिच्याभोवतीची चौकट बदलली. आणि ती बदलल्याची नोंद पुढील परिचयकारांनी घेतली नाही.

चौकट बदलण्याची कारणे समजण्यासारखी आहेत. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, तेव्हा त्यात २६ जिल्हे होते आणि ते तीन निरनिराळ्या राजवटींतून आलेले होते. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेश हे मुंबई इलाख्याच्या परंपरेत वाढले होते. मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. तेथे कारभाराची भाषा उर्दू होती, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता. विदर्भाचे आठ जिल्हे जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातून आले. त्यांतही नागपूरकडील भाग भोसल्यांच्या राज्याचा वारस, तर वऱ्हाड हे १८५३ मध्ये निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यात आलेले. मराठवाडा व विदर्भ हे दोन्ही विभाग १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यास जोडले गेले आणि पुढे चार वर्षांनी मराठी भाषकांचे स्वतंत्र राज्य झाले. निरनिराळ्या कचेऱ्या, निरनिराळे कायदे आणि निरनिराळ्या शाळा ज्यांच्या वाट्याला आल्या होत्या, त्या लोकांना आपले एकत्व प्राचीन आहे असे सांगण्याची गरज त्या काळी वाटली, ह्यात नवल नाही. परंतु तत्कालीन गरज ही कायमची मांडणी होऊन बसली, म्हणजे तीतून विपर्यास उद्भवतो.

३

हा विपर्यास प्रथम दिसतो तो 'महाराष्ट्र' ह्या नावाच्या इतिहासात. ह्या नावाचा प्राचीन पुरावा म्हणून परिचयग्रंथ ऐहोळेच्या शिलालेखाचा उल्लेख करतात. शके ५५६, म्हणजे इ. स. ६३४-३५ मधील ह्या लेखात दुसरा पुलकेशी ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला, असे रविकीर्ती सांगतो. त्याच्याच कारकीर्दीत आलेल्या ह्युएन त्संगाने येथील लोक उपकाराची जाण ठेवणारे आणि अपमानाचा सूड घेणारे आहेत, अशा अर्थाचे वर्णन केले. तेही महाराष्ट्रीय स्वभावाचे प्रमाणपत्र म्हणून आवर्जून दिले जाते. परंतु लेख कोरला गेला ते ऐहोळे आज बागलकोट जिल्ह्यात आहे, आणि चिनी प्रवाशाने ज्याचे पराक्रम वर्णिले त्या राजाची राजधानी बदामी होती. महाराष्ट्र 'तीन' होते, हे तर त्या लेखातील सर्वांत विचारप्रवर्तक विधान. त्यासंबंधी मात्र परिचयकार बहुधा मौन पाळतात. एकाच महाराष्ट्राचा शोध घेणाऱ्या दृष्टीस तीन महाराष्ट्रकांचे काय करावे, हे उमगत नाही.

भाषेच्या इतिहासाची तीच कथा आहे. मराठीतील सर्वांत जुने वाक्य म्हणून दीर्घकाळ ज्याचा निर्देश होत आला तो लेख श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायथ्याशी आहे, म्हणजे दक्षिण कर्नाटकात. पुढील अभ्यासात त्याच्या काळाविषयी शंका घेतल्या गेल्या आणि शके ९३४ चा, कुलाब्याकडील अक्षी येथील लेख आद्यत्वाचा मान घेऊ लागला. आद्य कोण, ह्या वादात दोन्ही लेखांतील खरा प्रश्न बाजूला पडतो. श्रवणबेळगोळसारख्या कानडी प्रदेशातील जैन तीर्थक्षेत्री कोणासाठी मराठी कोरावी लागली? त्या तीर्थास कोठून माणसे येत होती? उलट बाजूने पाहिले, तर नवव्या शतकातील 'कविराजमार्ग' हा कन्नड ग्रंथ कन्नड देशाचा विस्तार कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो, आणि देवगिरीच्या यादवांचे कितीतरी लेख कानडीत आहेत. त्याच यादवांच्या काळात चाळीसगावजवळील पाटण येथे शके ११२८ मध्ये भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव ह्याने मठ स्थापन केला. त्या दानलेखाचा आरंभ संस्कृतात आहे, आणि मठाला कोणत्या मालावर काय मिळावे हा व्यवहाराचा तपशील मराठीत आहे. शास्त्र संस्कृतात, दानाचा तपशील मराठीत आणि राजवंशाचे पुष्कळसे लेख कानडीत, असा हा त्रिविध व्यवहार एका दरबाराच्या छायेत चालू होता. 'यादवकाल म्हणजे मराठीचा सुवर्णकाल' हे वाक्य खोटे नाही. परंतु त्या एका वाक्याने हा सर्व व्यवहार झाकला जातो.

मराठी भाषेच्या घडणीतही हे संबंध मुरलेले आहेत. ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि त्याला वगळून 'आम्ही' हा भेद मराठी नित्य पाळते. तो द्राविड भाषांच्या सान्निध्याचा परिणाम मानला जातो. आर्यकुलातील भाषा बोलणाऱ्या ह्या समाजातील अनेक जातींत मामेबहिणीशी विवाह संमत आहे. ही रीत उत्तरेकडे निषिद्ध व दक्षिणेकडे रूढ आहे. म्हणजे दक्षिणोत्तर संबंधांचा पुरावा शिलालेखांत शोधावा लागतो असे नाही, तो मराठी घरातील बोलण्यात आणि सोयरिकीत उपलब्ध आहे. परिचयग्रंथात मात्र 'भाषा' आणि 'चालीरीती' ही दोन स्वतंत्र प्रकरणे असल्यामुळे ह्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी येतच नाहीत.

४

साचेबंद मांडणीबाहेर जाऊन महाराष्ट्राचे स्वरूप सांगण्याचे प्रयत्न मराठीत झाले आहेत, आणि ते मोलाचे आहेत. राजारामशास्त्री भागवत ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मऱ्हाठा हा शब्द एका जातीपुरता न ठेवता देशातील सर्व थरांस लावण्याचा आग्रह धरला. वि. का. राजवाडे ह्यांनी महाराष्ट्राच्या वसाहतकाळाचा विचार करताना उत्तरेतून आलेले महाराष्ट्रिक, राष्ट्रिक व वैराष्ट्रिक आणि येथील नाग ह्यांच्या मिश्रणातून मराठे झाले, असे प्रतिपादिले. त्यांची व्युत्पत्ती पुष्कळ ठिकाणी टिकत नाही. तथापि महाराष्ट्र हा आरंभापासून सिद्ध पदार्थ नसून तो घडलेला आहे, आणि माणसे चालत आल्यामुळे घडलेला आहे, ही त्यांची दृष्टी पुढील परिचयग्रंथांच्या दृष्टीपेक्षा प्रगल्भ होती. मात्र त्यांच्या कथनात वाट एकाच दिशेची आहे. माणसे उत्तरेकडून येतात आणि स्थिरावतात.

ह्या एकेरीपणावर शं. बा. जोशी ह्यांच्या 'मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या' (१९५२) ह्या ग्रंथाने आघात केला. मराठी व कन्नड ह्या दोन्ही भाषांत लेखन करणाऱ्या जोशी ह्यांनी महाराष्ट्राच्या भूमीखाली कानडी बोलणाऱ्या पशुपालक लोकांचा जुना थर आहे, असे ग्रामनामे, दैवते व जातिनामे ह्यांच्या आधारे मांडले. त्यांच्या युक्तिवादातील सर्वांत दुर्बल भाग म्हणजे नावांची फोड. एका नावाच्या दोन भाषांत दोन फोडी संभवतात, आणि ज्याला जी हवी ती तो घेतो. परंतु ग्रंथाचे महत्त्व त्या फोडींवर अवलंबून नाही. राज्यांच्या सीमा ठरण्यापूर्वीच्या वातावरणात, आपल्या संस्कृतीच्या तळाशी शेजाऱ्याची भाषा असू शकते, हा प्रश्न त्यांनी मराठी वाचकासमोर मराठीत मांडला. पुढे रा. चिं. ढेरे ह्यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) ह्या ग्रंथात पंढरपूरच्या देवाचे गवळी-धनगरी मूळ आणि दक्षिणेकडील नाते अधिक सावध पुराव्याने उलगडले. ज्ञानदेवांच्या नावावरील अभंगात विठ्ठलाला 'कानडा' म्हटले आहे. १२३७ मध्ये होयसळ राजा सोमेश्वर ह्याने पंढरपूरच्या देवास दान दिल्याचा लेख आहे. ह्या दोन गोष्टी फार दिवस सुट्या कुतूहलाच्या म्हणून माहीत होत्या. ढेरे ह्यांच्या विवेचनात त्या एका प्रक्रियेची अंगे ठरल्या.

सर्वांत मार्मिक व्याख्या मात्र इरावती कर्वे ह्यांची आहे. 'मराठी लोकांची संस्कृती' (१९५१) ह्या ग्रंथात त्यांनी मानवशास्त्राच्या साधनांनी जो शोध घेतला, त्याचे फल त्यांना पालखीबरोबर चालताना वेगळ्याच रूपाने मिळाले. ज्या देशाचे लोक पंढरीच्या यात्रेला जातात तो महाराष्ट्र, असा त्या अनुभवाचा आशय त्यांनी आपल्या वारीवरील लेखात सांगितला. ह्या व्याख्येचे सामर्थ्य असे की, तीत सीमारेषा नाही. चालणारी माणसे आहेत. आळंदीहून निघणाऱ्या पालखीचे अश्व दरवर्षी अंकली येथील शितोळे सरदारांकडून येतात, आणि अंकली आज कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यात आहे. पालखीसोहळ्याचे आजचे रूप आणि शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर ह्यांनी घालून दिली, तेव्हापासूनचे हे नाते राज्ये बदलली तरी तुटलेले नाही. नकाशावरून महाराष्ट्र ओळखणाऱ्याला ही गोष्ट अपवाद वाटेल. वारीवरून ओळखणाऱ्याला ती स्वाभाविक वाटते.

तथापि ही व्याख्याही पुरेशी नाही, आणि तिच्या उणिवेची जाणीव कर्वे ह्यांच्याच लेखनात आहे. दिंडीत बरोबर चालणारी माणसे जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसत, हे त्यांनी खेदाने नोंदविले. पंढरीची वाट सर्वांची असली, तरी मंदिराचा दरवाजा सर्वांचा नव्हता. त्यासाठी १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. ज्यांना दाराबाहेर ठेवले होते, त्यांनी पुढे आपली वाट वेगळी केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून नागपूरची दीक्षाभूमी, दादरची चैत्यभूमी आणि महाडचे चवदार तळे ह्यांना जोडणारी यात्रेची एक नवी रचना महाराष्ट्रात उभी राहिली. विदर्भ, मराठवाडा, मुंबई आणि कोकण ह्यांना माणसांच्या प्रत्यक्ष चालण्याने एकत्र आणणारी ती एक मोठी शक्ती आहे. परिचयग्रंथ १९५६ ची घटना 'समाजसुधारणा' ह्या प्रकरणात घालतात आणि यात्रेचे वर्णन 'तीर्थक्षेत्रे' ह्या प्रकरणात करतात; परिणामी ह्या नव्या यात्रेस दोन्हीकडे जागा मिळत नाही. महाराष्ट्राची व्याख्या चालण्यावरून करावयाची, तर वाट एक नव्हे, अनेक मानाव्या लागतील. धार्मिक यात्रांनी परस्परांवर पसरलेले अनेक प्रदेश घडविले, ह्याचे सप्रमाण विवेचन ॲन फेल्डहाउस ह्यांनी २००३ मधील आपल्या ग्रंथात केलेच आहे.

५

वाटांवरून पाहू लागल्यास परिचयग्रंथातील परिचित वस्तू एकमेकींशी बोलू लागतात. सह्याद्री हा महाराष्ट्राचा कणा, असे प्रत्येक ग्रंथ सांगतो. त्याच्या घाटांना मात्र एखाददुसऱ्या वाक्यावर समाधान मानावे लागते. वस्तुतः कोकणातील बंदरे आणि वरचे पठार ह्यांना जोडणाऱ्या घाटवाटा हीच ह्या प्रदेशाच्या प्राचीन इतिहासाची किल्ली आहे. कल्याणकडून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांची व दानांची यादी आहे, आणि घाटमाथ्यावर लोक ज्याला जकातीचा रांजण म्हणतात ते दगडी पात्र आहे. बोरघाटाच्या परिसरात कार्ले, भाजे, बेडसे व कोंडाणे ही लेणी आहेत. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकट येथील दात्यांची नावे असून त्यांत यवनही आहेत. 'इतिहास' ह्या प्रकरणात नागनिका, 'लेणी' ह्या प्रकरणात कार्ले आणि 'भूगोल' ह्या प्रकरणात बोरघाट, अशी वाटणी केली म्हणजे लेणी तेथेच का कोरली गेली, हा साधा प्रश्नही वाचकाच्या मनात उद्भवत नाही. दा. ध. कोसंबी ह्यांनी १९६२ मधील आपल्या ग्रंथात पुण्याभोवतालच्या देवींची ठाणी, अश्मयुगीन हत्यारांच्या जागा आणि व्यापारी मार्ग ह्यांचा परस्परसंबंध पायी हिंडून तपासला. त्यांचे काही निष्कर्ष वादग्रस्त आहेत. परंतु देव, दगड आणि वाट ह्यांना एकत्र पाहण्याची त्यांची रीत परिचयकारांनी उचलण्याजोगी होती.

खंडोबाचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. जेजुरीचा खंडोबा कर्नाटकात मैलार होतो आणि तेलंगणात मल्लन्ना. त्याची पहिली पत्नी म्हाळसा लिंगायत वाण्याची कन्या, तर दुसरी बाणाई धनगराची. पेठेतला व्यापार आणि रानातली मेंढरे ह्यांचे जे नाते पठारावर शतकानुशतके चालत आले, ते देवाच्या संसारात उतरले आहे. ग्युंथर सोन्थायमर ह्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा ह्या दैवतांचा मागोवा धनगरांच्या स्थलांतराबरोबर घेतला, तेव्हा दैवतांच्या कथा भटकंतीच्या मार्गांशी जुळतात, असे दिसून आले. परिचयग्रंथात धनगर 'जमाती' ह्या शीर्षकाखाली, खंडोबा 'दैवते' ह्या शीर्षकाखाली आणि गजनृत्य 'लोककला' ह्या शीर्षकाखाली येते. एकाच जीवनाचे तीन तुकडे तीन पेट्यांत ठेवल्यासारखे हे आहे.

शाह्यांचा कालखंडही ह्याच न्यायाने पाहिला पाहिजे. तो केवळ अंधारयुग म्हणून ओलांडला, म्हणजे मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेले खडकी, म्हणजे नंतरचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि तेथील नहरीची पाणीव्यवस्था ही एक स्थापत्याची नोंद होऊन बसते. एकनाथांच्या हिंदु-तुर्क संवादाला, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या 'योगसंग्रामा'ला आणि वली व सिराज ह्यांच्या दखनी काव्याला ज्या समाजाने जन्म दिला, तो समाज ग्रंथात कोठेच उभा राहत नाही. शिवाजी महाराजांना राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला, ह्यावरूनच फार्सी शब्द मराठी व्यवहारात किती खोल गेले होते, हे कळते. त्या कोशाचे महत्त्व सांगावयाचे, तर आधीची तीन शतके समजून घेणे भाग आहे.

६

प्राचीन काळाविषयीचा हा विपर्यास केवळ पंडितांच्या वादाचा विषय राहिला असता, तर त्याची एवढी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. परंतु जी दृष्टी घाटवाटा वगळते तीच वर्तमानातील वाटाही वगळते. परिचयग्रंथात 'सहकार व उद्योग' ह्या प्रकरणात साखर कारखान्यांचा गौरव असतो, आणि तो योग्यच आहे. १९५० च्या सुमारास प्रवरा येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांनी उभ्या केलेल्या कारखान्याने शेतकऱ्यांच्या सहकाराचा नवा मार्ग दाखविला. त्याच ग्रंथात अन्यत्र 'जिल्हे' ह्या प्रकरणात बीडची ओळख अंबेजोगाई आणि परळी वैजनाथ ह्यांवरून करून दिलेली असते. परंतु दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड व त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांतून लक्षावधी माणसे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात, ही गोष्ट ह्या दोन प्रकरणांच्या मधल्या फटीत पडते. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, पतिपत्नीच्या जोडीला हिशेबात एक 'कोयता' म्हणावयाचे, आणि मुलांची शाळा अर्ध्यावर सोडून फडावर खोपी बांधावयाची, हा महाराष्ट्राच्या दोन भागांमधील प्रत्यक्ष संबंध आहे. तो परिचयात आला नाही, तर साखरेचा परिचय खरा नाही आणि बीडचाही नाही.

मुंबईचेही तसेच आहे. १८५० नंतरच्या दशकांत येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि रत्नागिरी, सातारा ह्या भागांतील माणसे गिरणगावात आली. गावची शेती, मुंबईची खोली आणि मनिऑर्डर ह्या तिहींवर कोकणातील घर चालत असे. शाहिरी, भजनीमंडळे आणि कामगार रंगभूमी ह्यांचा उगम ह्या दुहेरी वस्तीत आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, परंतु गणपतीसाठी गावी जाण्याची वाट राहिली. मुंबईला 'औद्योगिक राजधानी' आणि कोकणाला 'निसर्गरम्य किनारा' म्हणून मोकळे होणाऱ्या ग्रंथात ह्या नात्याला जागा नसते.

सर्वांत मोठा अन्याय वनप्रदेशांवर होतो. मेळघाटातील कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुलातील भाषा आहे. गोंडी व कोलामी ह्या द्राविड कुलातील आहेत. म्हणजे ज्या राज्याची ओळख एका भाषेवरून केली जाते, त्यात तीन भाषाकुले नांदतात. चंद्रपूरला गोंड राजांची सत्ता अठराव्या शतकापर्यंत होती. नागपूर शहराची स्थापना गोंड राजा बख्त बुलंद ह्याने केली. परिचयग्रंथाच्या राजवंशमालिकेत गोंड राजांना क्वचितच स्थान मिळते. गोंड भेटतात ते 'आदिवासी नृत्ये' ह्या परिच्छेदात. ज्याने राज्य केले त्याला केवळ नर्तक म्हणून दाखविणे ही माहितीची चूक नाही, दृष्टीची चूक आहे. वारली चित्रांचेही असेच झाले. लग्नविधीत भिंतीवर काढली जाणारी चित्रे जिव्या सोमा म्हसे ह्यांच्या हातून कागदावर व कापडावर उतरली आणि जगभर गेली. परिचयग्रंथांनी चित्र घेतले आणि ज्या जंगलाच्या व जमिनीच्या प्रश्नांत वारली समाज जगतो ते प्रश्न मागे ठेवले.

विभागांतील विषमतेचा प्रश्नही ह्या संदर्भात येतो. १९५३ चा नागपूर करार, राज्यघटनेच्या ३७१ व्या अनुच्छेदातील विदर्भ व मराठवाडा ह्यांसंबंधीची तरतूद आणि वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेली अनुशेषविषयक समिती ही तिन्ही, राज्य एक झाले तरी त्याचे भाग सारखे झाले नाहीत, ह्याची अधिकृत कबुली आहेत. ज्या ग्रंथाला महाराष्ट्राचे स्वरूप सांगावयाचे आहे, त्याने ही कबुली परिशिष्टात ढकलून चालणार नाही. एकत्वाची प्रौढी मिरवणारे लेखन मागे राहिलेल्या भागातील वाचकाला आपले वाटत नाही, आणि पुढे गेलेल्या भागातील वाचकाला आत्मसंतुष्ट करते.

७

ह्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, सर्वच वाटा सीमा ओलांडून जाऊ लागल्या, तर महाराष्ट्र म्हणून वेगळे काही उरणार नाही. हा आक्षेप वाटेच्या स्वरूपाविषयीच्या गैरसमजातून येतो. वाटा सर्वत्र सारख्या दाट नसतात. पंढरीची वारी, दीक्षाभूमीची यात्रा, ऊसतोडणीचे स्थलांतर, मुंबईची नोकरी, मराठी शाळा आणि छापील मराठी ग्रंथ ह्यांच्या वाटा ज्या भूमीवर पुन्हा पुन्हा एकमेकींना छेदतात, ती भूमी महाराष्ट्र म्हणून ओळखता येते. आणि त्या जेथे विरळ होत जातात तेथे शेजारचा प्रदेश हळूहळू सुरू होतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावरील १८०३ चा भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी लेख किंवा गोमंतकातील फादर स्टीफन्स ह्यांचे 'ख्रिस्तपुराण' ह्यांना अशा परिचयात सन्मानाने जागा मिळते. मध्य दाट आणि कडा विरळ असलेले हे चित्र रेषेने बंद केलेल्या चित्रापेक्षा अधिक खरे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सीमाभागातील मराठी भाषकांचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. महाजन आयोगाच्या १९६७ मधील अहवालाने समाधान झाले नाही, आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. अशा स्थितीत कर्नाटकाशी असलेले प्राचीन ऐक्य सांगणे म्हणजे आपला पक्ष दुबळा करणे होय, असे काहींना वाटेल. परंतु आपल्या भाषेत शिकण्याचा आणि कारभार समजून घेण्याचा नागरिकाचा हक्क आजच्या लोकशाहीतून मिळालेला आहे. त्याला पुलकेशीच्या दाखल्याची गरज नाही. प्राचीन लेखांवर हक्क सांगून सीमा ठरवू लागल्यास ऐहोळेच्या लेखाच्या उत्तरादाखल 'कविराजमार्गा'तील गोदावरी पुढे केली जाईल. इतिहासाला साक्षीदार करण्याऐवजी वकील केले, म्हणजे त्याची साक्षही जाते.

ह्यावरून परिचयग्रंथाच्या रचनेविषयी काही गोष्टी निष्पन्न होतात. राजवंशांच्या मालिकेऐवजी घाट, नदीखोरी, बाजारपेठा आणि यात्रा ह्यांवरून प्रकरणे पाडता येतील. भाषा आणि चालीरीती, दैवत आणि उपजीविका, कारखाना आणि मजूर ह्यांना एकाच प्रकरणात आणता येईल. प्रत्येक विभागाचा परिचय त्याचे इतर विभागांशी व शेजारच्या प्रदेशांशी काय देणेघेणे आहे, ह्यावरून सुरू करता येईल. जिल्हावार माहितीसाठी गॅझेटियर आहेच. परिचयाचे कार्य निराळे आहे. कर्वे ह्यांनी १९६८ मध्ये राज्य गॅझेटियरच्या मालेतच महाराष्ट्राची भूमी व लोक ह्यांवर इंग्रजी ग्रंथ लिहून, सरकारी चौकटीतही संबंधांची दृष्टी शक्य असते, हे दाखवून दिले होते. तो धागा पुढे परिचयग्रंथांनी उचलला नाही.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लक्षांच्या घरात होती, आणि तीत मराठी ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७० टक्के होते. उरलेल्यांत कोरकू, गोंडी व भिली बोलणारे आहेत, दखनी-उर्दू बोलणारे आहेत, आणि मुंबईत कामासाठी आलेले अनेक आहेत. ह्या सर्वांच्या हाती राज्याचा परिचय म्हणून जे पुस्तक पडते, त्यात आपण कोठे आहोत, असे त्यांतील प्रत्येक जण पाहतो. त्याला स्वतःचे गाव नकाशावर सापडते. परंतु ज्या वाटेने आपले पूर्वज ह्या भूमीत आले, ज्या वाटेने आपण आज कामाला जातो आणि ज्या वाटेने देवाला किंवा स्मारकाला जातो, त्या वाटा सापडत नाहीत. त्या जोवर ग्रंथात येत नाहीत, तोवर महाराष्ट्राची माहिती छापली जाईल. त्याचा परिचय घडणार नाही.